डॉक्टरी विद्येची इंग्रजी आणि आमचीं मुलें

गेल्या शिमग्याच्या सुमारास आमच्या गांवचे एक सुतार रात्रीं माझ्या घरीं आले. त्यांची मुलगी चौथीपर्यंत माझ्याच हाताखालीं शिकली, पुढें तालुक्याच्या मराठी शाळेंत गेली, आणि प्रवेशाच्या परीक्षेंत चांगले गुण मिळवून एका सरकारी डॉक्टरी कॉलेजांत लागली. गांवानें तिला नारळ-शाल दिली होती. ती मुलगी सहा महिन्यांत सगळें सामान घेऊन परत आली होती आणि 'आतां मी जात नाहीं' असें म्हणत होती. सुतार मला म्हणाले, "गुरुजी, पोरीचं डोकं चालंनासं झालं का? का आमच्या घराण्यालाच ही विद्या सोसायची न्हाई?"

या दुसऱ्या प्रश्नासाठींच हा लेख लिहीत आहें. कारण तो प्रश्न एका सुताराचा नाहीं. ज्या ज्या शेतकऱ्याचें, माळ्याचें, लोहाराचें, विणकऱ्याचें मूल आज डॉक्टरी, नर्सिंग, फार्मसी किंवा रक्तलघवी तपासण्याच्या विद्येकडे जातें, त्याच्या घरीं हा प्रश्न केव्हां ना केव्हां उंबरठ्यावर येऊन बसतो. आणि त्याचें उत्तर वेळेवर न मिळाल्यामुळें हुशार पोरें मान खालीं घालून घरीं येतात.

दुसऱ्या दिवशीं मी मुलीस बोलाविलें. ती म्हणाली, "गुरुजी, शिकवतात तें मला समजतं. पण पुस्तकाचं एक पान वाचायला मला तास लागतो. दहा ओळींत वीस शब्द अडतात. सरांनी विचारलं तर उत्तर ठाऊक असतं, पण तोंडांतून निघत नाहीं. लिहायला बसलं कीं वाक्य तुटतं. पहिल्या चाचणींत मी नापास झालें." वाचकहो, हिच्या डोक्यास कांहीं झालेलें नाहीं. हिची गांठ एका नव्या भाषेशीं पडली आहे, आणि ती भाषा तिला कोणीं शिकविलीच नाहीं.

आमच्या मुलांची येथेंच मोठी फसगत होते. डॉक्टरी प्रवेशाची परीक्षा २०१७ सालापासून मराठींतूनही देतां येते. ही गोष्ट चांगलीच झाली. पण दरवाजा मराठी आणि आंतलें घर सगळें इंग्रजी, अशी ही हवेली आहे. दरवाज्यांतून आंत आलेल्या मुलास कोणी सांगत नाहीं कीं आंतल्या खोल्यांत कसें चालावयाचें. तें ठेचाळतें, आणि पाहणारे म्हणतात, 'याची कुवतच नव्हती.'

मी मराठी अध्यापक विद्यालयांत शिकलेला प्राथमिक शिक्षक आहें. इंग्रजीचा पंडित नाहीं. तरी आठ-दहा संध्याकाळीं त्या मुलीचें पुस्तक मध्यें ठेवून आम्ही दोघें ओट्यावर बसलों, आणि मला जें दिसलें तें येथें मांडतों. मला असें दिसलें कीं ही इंग्रजी म्हणजे शहरी पोरांची फाडफाड बोलण्याची इंग्रजी नव्हे. ती निराळीच आहे. तलाठ्याच्या दप्तरांतली किंवा कोर्टाच्या कागदांतली मराठी आपण पाहतों. 'सबब', 'इसम नामें', 'चतुःसीमा' हे शब्द आपण चुलीपाशीं बोलत नाहीं. ती मराठी मराठी माणसालाही शिकावी लागते. तशीच ही शास्त्राची इंग्रजी इंग्रजाच्या मुलालाही शिकावी लागते. ती कोणाच्या रक्तांतून येत नाहीं. ती हत्यारांची पेटी आहे, आणि हत्यार चालविणें हें सुताराच्या घरीं कोणी नवें सांगावयास नको.

या पेटींत कोणकोणतीं हत्यारें आहेत तीं पाहूं.

पहिलें हत्यार म्हणजे शब्दांचे तुकडे. डॉक्टरी विद्येचे लांबलचक शब्द बहुतेक ग्रीक आणि लॅटिन या जुन्या भाषांतल्या तुकड्यांचे बनलेले असतात. 'हिपॅट' म्हणजे यकृत, 'नेफ्र' म्हणजे मूत्रपिंड, 'गॅस्ट्र' म्हणजे जठर, 'आर्थ्र' म्हणजे सांधा. 'आयटिस' ही शेपटी लागली कीं त्या भागाचा दाह. म्हणजे हिपॅटायटिस, नेफ्रायटिस, गॅस्ट्रायटिस, आर्थ्रायटिस हे चार शब्द पाठ करावयाचे नसून पांच तुकडे ओळखावयाचे आहेत. 'एक्टॉमी' ही शेपटी लागली कीं तो भाग कापून काढणें. 'हायपर' म्हणजे प्रमाणाबाहेर जास्त, 'हायपो' म्हणजे प्रमाणापेक्षां कमी. एकच बिजागरी दाराला, खिडकीला आणि पेटीला लागते, तसे हे तुकडे ठिकठिकाणीं लागतात. दोन-तीनशें तुकडे हातीं आले कीं नवा शब्द दिसतांच मूल त्याचा सांधा ओळखतें.

दुसरें हत्यार जास्त फसवें आहे. कांहीं शब्द साधे दिसतात, पण शास्त्रांत त्यांचा अर्थ बदलतो. 'क्रॉनिक' म्हणजे भयंकर नव्हे. क्रॉनिक म्हणजे दीर्घकाळ चाललेलें दुखणें. 'अक्यूट' म्हणजे एकाएकीं उद्भवलेलें. 'पॉझिटिव्ह' म्हणजे चांगलें नव्हे. जें शोधीत होतों तें सांपडलें, एवढाच त्याचा अर्थ, आणि तें रोग्याच्या दृष्टीनें वाईटही असूं शकेल. 'सिग्निफिकंट' म्हणजे मोठा किंवा महत्त्वाचा एवढेंच नव्हे. दिसलेला फरक निव्वळ योगायोगानें पडणें फारसें संभवत नाहीं, असें गणितानें निघालें, हा त्याचा शास्त्रांतला अर्थ. त्या मुलीच्या मोबाइलनें 'ब्लड कल्चर' याचें भाषांतर 'रक्त संस्कृती' असें दाखविलें होतें. आम्ही दोघेंही पोटभर हसलों. खरा अर्थ असा कीं रक्तांत जंतू आहेत काय हें पाहण्यासाठीं तें पोषक द्रवांत ठेवून जंतू वाढवून पाहणें. मोबाइल हा कंदील आहे. त्याच्या उजेडांत वाट पाहावी, पण नांगर त्याला जुंपूं नये.

याच जातीचे आणखी कांहीं शब्द सर्वच शास्त्रांत पुनः पुनः येतात. न्यूझीलंडमधल्या ॲव्हरिल कॉक्सहेड नांवाच्या विदुषीनें २००० सालीं अशा शब्दांची यादी प्रसिद्ध केली. तींत शब्दांचीं ५७० कुळें आहेत, आणि विद्यापीठीय पुस्तकांतल्या दर दहा शब्दांत सुमारें एक शब्द या कुळांतला असतो. आतां हिशेब करा. रोज पांच कुळें घेतलीं तर ११४ दिवस होतात. म्हणजे पेरणीपासून काढणीपर्यंत एका हंगामाचें काम. हें काम हंगामाभराचें आहे, जन्माचें नाहीं, ही गोष्ट आमच्या मुलांस कोणीं सांगितली आहे काय?

तिसरें हत्यार म्हणजे वाक्याची ठेवण. शास्त्राच्या इंग्रजींत 'मी औषध दिलें' असें लिहिण्यापेक्षां 'औषध देण्यांत आलें' असें लिहिण्याची चाल फार आहे. शिवाय तेथें माणूस छातीठोक बोलत नाहीं. 'या औषधानें रोग बरा होतो' असें न म्हणतां 'या औषधाचा उपयोग होत असावा, असें या निरीक्षणावरून दिसतें' असें म्हणतो. आमच्या मुलांस वाटतें कीं हा भित्रेपणा आहे. नव्हे. जेवढा पुरावा तेवढेंच बोलणें, ही ती शिस्त आहे. 'असावें', 'दिसतें', 'सिद्ध झालें' यांतला फरक ज्याला कळला नाहीं, तो उद्यां रोग्याला खोटी आशा देईल किंवा खोटी भीति घालील. म्हणून ही नुसती व्याकरणाची बाब नाहीं. यांत माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

चौथें हत्यार म्हणजे संशोधनाच्या निबंधाची बांधणी. हल्लीं बहुतेक निबंध चार खणांच्या घरासारखे असतात. पहिल्या खणांत प्रश्न काय होता, दुसऱ्यांत काम कसें केलें, तिसऱ्यांत काय आढळलें, चौथ्यांत त्याचा अर्थ काय. कोणता माल कोणत्या खणांत असतो हें कळलें कीं अंधारांत चाचपडावें लागत नाहीं. आरंभींचा सारांश प्रथम वाचावा, मग तिसऱ्या खणांतलीं कोष्टकें पाहावीं, मग दुसऱ्या खणांत शिरावें. आकडे सर्व भाषांत सारखेच, म्हणून कोष्टक हें आमच्या मुलांचें पहिलें आसरा-स्थान आहे.

आतां एक खरा दाखला घेऊं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनीं गडचिरोली जिल्ह्यांत नवजात बालकांच्या मृत्यूंवर काम केलें. गांवच्याच बायांस शिकवून, घरोघरीं जाऊन बाळाची काळजी घेण्याची पद्धत त्यांनीं बसविली. ३९ गांवांत हा उपाय केला, आणि ४७ गांवें नुसतीं तुलनेसाठीं ठेविलीं. हीं जीं तुलनेचीं गांवें, त्यांसच शास्त्राच्या इंग्रजींत 'कंट्रोल' म्हणतात. त्यांवर कोणाचा ताबा होता असा त्याचा अर्थ नव्हे. तिसऱ्या वर्षीं तुलनेच्या गांवांच्या हिशेबानें नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनीं कमी झाले. हा निबंध १९९९ सालीं लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत छापून आला, आणि जगानें त्याची दखल घेतली. पुढें २०११ सालीं आशा कार्यकर्त्यांच्या हातून घरीं जाऊन नवजात बाळ पाहण्याचा कार्यक्रम भारत सरकारनें देशभर सुरू केला.

यांत काय झालें तें नीट पाहा. ज्ञान उगवलें तें खेड्यांतल्या बायांच्या हातून, त्यांच्या बोलींत. जगाच्या बाजारांत तें गेलें इंग्रजीच्या रस्त्यानें. आणि फिरून तें आमच्याच आशाताईच्या पिशवींत बसून आमच्या उंबरठ्यावर आलें. रस्ता नसता तर माल शेतांतच कुजला असता. आणि शेत नसतें तर रस्त्यावरून नेण्यास कांहींच नसतें. मराठी आणि इंग्रजी यांचें भांडण लावणारांनीं हें ध्यानांत धरावें.

कोणी म्हणेल, 'मग डॉक्टरी विद्या मराठींतच कां शिकवूं नये? मध्य प्रदेशांत २०२२ सालीं हिंदी पुस्तकें निघालीं आहेत.' विषय समजावून देण्यास मराठी हवीच, याविषयीं आमचें दुमत नाहीं. पण तीं हिंदी पुस्तकेंही पारिभाषिक शब्द बहुतेक इंग्रजीच, फक्त देवनागरींत लिहून ठेवतात. म्हणजे शब्दांचे तुकडे शिकण्याचें काम तेथेंही चुकत नाहीं. जपानांत १७७४ सालीं शरीरशास्त्राचें डच पुस्तक जपानींत आणलें गेलें, आणि आज तेथें डॉक्टरी विद्या जपानींतूनच शिकवितात. तरी तेथल्या संशोधकास आपलें काम जगापुढें मांडतांना इंग्रजींत लिहावें लागतेंच. आणि आमच्या इकडचा इतिहासही बोलका आहे. मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं निघालें, तेथें शिक्षण इंग्रजींतून. पुढें १८६१ सालीं मराठी आणि गुजराती वर्ग निघाले; पण त्यांतून शिकणारा हॉस्पिटल असिस्टंट व्हावयाचा, म्हणजे हाताखालचा माणूस. जोतीरावांचे सहकारी डॉ. विश्राम रामजी घोले हे गवळी समाजांतले. इंग्रजींतून शिकून ते सर्जन झाले, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन आलें. तात्पर्य, आमच्या मुलांस मराठींतून समजावें आणि इंग्रजींतून लिहितां यावें, हीं दोन्ही हवींत. 'तुम्हांला मराठी पुरे' असें जो सांगेल, त्याला एकच प्रश्न विचारा कीं, बाबा रे, तुझें स्वतःचें मूल कोणत्या शाळेंत आहे?

दुसरे एक लोक आहेत, त्यांपासूनही सावध राहावें. तालुक्याच्या बाजारांत 'महिन्यांत फाडफाड इंग्रजी' अशा पाट्या लागलेल्या असतात. बाप बैल विकून तेथें पैसे भरतो. तेथें 'कसे आहांत', 'हवा छान आहे' एवढें बोलावयास शिकवितात. त्यानें धिटाई येत असेल, पण निबंधाचें एक कोष्टकही उलगडत नाहीं. आमच्या मुलांची अडचण बोलण्याची जितकी आहे, त्याहून वाचण्या-लिहिण्याची मोठी आहे. डोळा दुखत असतां गुडघ्याला लेप लावून काय उपयोग?

मग करावें काय?

मुलांनीं एक वही घालावी. तिचे तीन रकाने करावे. पहिल्यांत इंग्रजी शब्द, दुसऱ्यांत त्याचे तुकडे, तिसऱ्यांत आपल्या घरच्या बोलींत अर्थ. रोज एक उतारा मोठ्यानें वाचावा, म्हणजे जीभ वळते. रोज पांच वाक्यें लिहावीं: काय केलें, कसें केलें, काय दिसलें, त्याचा अर्थ काय, काय अजून कळलें नाहीं. तोंडी परीक्षेसाठीं उत्तराचा सांगाडा ठरवून ठेवावा: रोग म्हणजे काय, कशानें होतो, लक्षणें कोणतीं, तपासणी कोणती, उपाय कोणता. सांगाडा पाठ असला म्हणजे वाक्य तुटलें तरी उत्तर तुटत नाहीं.

आणखी एक. इंग्रजी येत नाहीं म्हणून पुस्तकांतलीं वाक्यें जशींच्या तशीं उतरून काढण्याची संवय पुष्कळांस लागते. आमच्या शाळांनींच ती लाविली आहे. निबंध पाठ करून घेणारे आम्ही गुरुजीच. पण संशोधनाच्या जगांत दुसऱ्याचीं वाक्यें आपलीं म्हणून लिहिणें ही चोरी समजतात, आणि त्यापायीं पदवी जाते. तेव्हां पुस्तक मिटावें, वाचलेलें मनांत मराठींत सांगावें, मग आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजींत लिहावें, आणि शेवटीं पुस्तक उघडून चुका सुधाराव्या. मोडकें पण स्वतःचें, हें उसन्या जरीपेक्षां बरें.

आईबापांनीं काय करावें? सुटींत मूल घरीं आलें कीं त्याला विचारावें, 'काय शिकलास तें आम्हांला सांग.' तुम्हांला इंग्रजी येत नाहीं हेंच तुमचें बळ आहे. जो मुलगा यकृताचें काम आपल्या आईस चुलीपाशीं मराठींत समजावूं शकतो, त्याला तें खरोखर समजलें. आणि एका चाचणींत नापास झाली म्हणून मुलीच्या लग्नाची बोलणी काढूं नका. पीक एका पावसानें चुकलें म्हणून कोणी शेत विकीत नाहीं.

कॉलेजांनीं काय करावें? एमबीबीएसच्या आरंभीं पायाभूत अभ्यासक्रम २०१९ सालापासून आहे, आणि त्यांत भाषेचाही भाग आहे. तो भाग हजेरीपुरता उरकूं नये. त्यांत शब्दांचे तुकडे, वाक्याची ठेवण, निबंधाचें वाचन हें शिकवावें, आणि तें पहिल्या कांहीं दिवसांत संपवून न टाकतां वर्षभर आठवड्याला एक तास चालवावें. शाहू महाराजांनीं १९०१ सालापासून कोल्हापुरांत वसतिगृहें काढलीं, कारण खेड्याच्या मुलाला शहरांत पाय ठेवावयास जागा लागते, हें त्यांनीं ओळखलें होतें. आजच्या वसतिगृहांत वरच्या वर्गाच्या मुलांनीं खालच्यांस रात्रीं एक तास घेऊन बसावें. ही भीक नव्हे. कर भरणाऱ्या रयतेचा हा हक्क आहे.

आणि आमच्या मुलांनीं एक गोष्ट विसरूं नये. 'काळजांत कळ मारते आणि हातांत उतरते', 'पायांस मुंग्या येतात', 'जीव घाबरा होतो', 'अंगांत कसर आहे', हें म्हातारी सांगते तेव्हां तिला काय होतें आहे तें आमच्या मुलाला लगेच कळतें. बंगल्यांत वाढलेल्या, उत्तम इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टराला तें पुष्कळदां विचारून घ्यावें लागतें. त्याला आमची भाषा शिकावयाची आहे, आम्हांला शास्त्राची. आमचें अर्धें काम आईच्या मांडीवरच झालेलें आहे.

सुताराची ती मुलगी परत गेली. एक पान वाचण्यास तिला पूर्वीं तास लागे, आतां वीस मिनिटें लागतात, असें तिनें परवां फोनवर सांगितलें. दुसऱ्या चाचणींत ती काठावर पास झाली. काठावर कां होईना, पण ती पाण्याबाहेर आली. दिवाळीच्या सुटींत आमच्या शाळेच्या ओसरीवर ती अकरावी-बारावीच्या मुलांस शब्दांचे तुकडे शिकविणार आहे. ज्या ज्या गांवचें मूल या विद्येकडे गेलें आहे, त्या त्या गांवानें त्याच्याकडून सुटींतली एक संध्याकाळ मागून घ्यावी. मागच्याला हात देण्याची ही रीत पडली, तर पुढच्या सुताराला रात्रीं माझ्या दारीं येऊन तो दुसरा प्रश्न विचारावा लागणार नाहीं.